ड्रॉवरमधली राष्ट्रीय सुरक्षा

मी एक जाडजूड ग्रंथ आहे आणि सध्या एका दूध डेअरीच्या ड्रॉवरमध्ये राहतो. माझं पूर्ण नाव सांगतो, जरा दम धरा : 'परराष्ट्र धोरण, राष्ट्रीय सुरक्षा आणि लष्करी गुप्तवार्ता : सेवेच्या संधी'. पानं चारशे बारा. शेवटी नकाशेही आहेत. त्यातल्या एका शेजारी देशाची राजधानी छपाईत थोडी सरकून समुद्रात गेली आहे, पण आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. तिथपर्यंत एकच वाचक पोचला, आणि तो कुणाला काही सांगत नाही, हे त्यामागचं खरं कारण.

जन्म माझा पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझे लेखक निवृत्त प्राध्यापक. आयुष्यात त्यांनी पाहिलेली एकुलती एक सीमा म्हणजे सोलापूरच्या पुढची कर्नाटकाची, आणि तीही एका लग्नाला जाताना एसटीच्या खिडकीतून. पण लिहिलंय असं, की वाचणाऱ्याला वाटावं, गृहस्थ रोज सकाळी दोन हेर पकडल्याशिवाय चहाला बसत नसतील. चेष्टा राहू द्या, माणूस अभ्यासू होता. माझं नववं प्रकरण, गोपनीयतेचं, त्यांनी जीव ओतून लिहिलं आहे. पान दोनशे बारावर ते म्हणतात, 'आपली निवड झाली हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की समजावं, निवड चुकली.'

बारामतीच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातून मला पहिल्यांदा विकत घेतलं ते सुयोगनं. सांगवीचा हा मुलगा स्वभावानं लाघवी, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला घेतल्याच्या दुसऱ्या मिनिटाला त्यानं माझा फोटो काढून स्टेटसला टाकला : 'आता थेट गुप्तचर खात्यात'. संध्याकाळपर्यंत त्याला त्र्याऐंशी जणांनी शुभेच्छा दिल्या. परराष्ट्रांना कळायचं तेवढं राहिलं असेल.

पुढची दोन वर्षं मी बारामतीतल्या एका अभ्यासिकेत काढली. सुयोगनं माझी अकरा पानं वाचली, त्यातली सहा प्रस्तावनेची. बाकी वेळ तो मला उभा करून माझ्या अंगाला मोबाईल टेकवायचा आणि त्यावर इतरांच्या यशोगाथा बघायचा. मग त्याला इंदापूरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी लागली. तिथं त्याचं तोंड कामाला आलं आणि त्याचं भलं झालं. जाताना पुस्तकांचं खोकं तो चुलत्याच्या डेअरीत टाकून गेला.

त्याचे चुलते म्हणजे रामहरी. सांगवीच्या रस्त्याला त्यांची एका खोलीची दूध डेअरी आहे. रामहरी कॅन भरून टेम्पोत चढवायचे आणि त्यांची मुलगी रोहिणी दुधाची फॅट काढायची. बारामतीला जाऊन-येऊन तिनं बी.ए. केलेलं होतं. फॅट काढायच्या मशीनचा एक पाय डगमगत होता, म्हणून त्याखाली घालायला तिनं खोक्यातून मला उचललं. जाडी पुरेल का हे बघताना मी मधेच उघडलो आणि ती उभ्याउभ्या वाचायला लागली. चार-पाच जण किटल्या घेऊन रांगेत थांबले. शेवटी मशीनखाली सामान्य ज्ञानाचं पुस्तक गेलं आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. सामान्य ज्ञान तिथं आजही वजन पेलत उभं आहे.

रोहिणीनं मला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जनावरांचे आजार व उपचार'. मला राग आला. चारशे बारा पानांचा ग्रंथ मी, आणि मला खुरकुताच्या पंक्तीला बसवलं. पण पोरीला नववं प्रकरण वाचायच्या आधीच कळलं होतं. त्या डेअरीत दिवसातून दोनदा गाव येतं. कुणाच्या उसाला तोडणीची टोळी मिळाली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या बोअरला पाणी कमी झालं, हे सगळं कॅन भरेपर्यंत तिथं गोळा होतं. माहिती कशी मिळवावी यावर माझ्या लेखकांनी तीन प्रकरणं खर्च केली आहेत. त्यांना एक सकाळ त्या बाकावर बसवायला हवं होतं.

एकदा मी उघडा पडता पडता वाचलो. शेजारच्या आप्पासाहेबांच्या गाईची कास सुजली होती. त्यांनी माझं कव्हर वाचलं आणि हात पुढं केला. रोहिणीनं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, की यात फक्त शेळ्यांचं आहे. आप्पासाहेब डॉक्टरकडं गेले, गाय बरी झाली, आणि राष्ट्रीय सुरक्षाही राहिली.

या आप्पासाहेबांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. त्यांचं रान रामहरींच्या रानाला लागून. सहा वर्षांपूर्वी कालव्याच्या चारीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची जी बोलाचाल बंद झाली ती झालीच. पण आप्पासाहेबांना डेअरी हीच जवळ, त्यामुळं दूध इथंच घालावं लागे. मग दोघं एकमेकांसमोर उभे राहून रोहिणीशी बोलायचे. आप्पासाहेब म्हणायचे, सांग तुझ्या बापाला, माझं पाणी तोडणाऱ्याचं मी पिढ्यान्‌पिढ्या विसरणार न्हाय. रोहिणी मान हलवायची आणि वडिलांना सांगायची, आप्पा विचारत्यात, टेम्पो कधी येतोय. रामहरी म्हणायचे, सांग त्याला, असली धमकी दुसऱ्याला दे. ती आप्पांना सांगायची, पाच मिनटांत येतोय. दोघांनाही ऐकू येत असायचंच, पण निरोप पोचल्याशिवाय चिडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. परराष्ट्र धोरणावरची माझी एकशे चाळीस पानं त्या मुलीनं रोज अर्ध्या तासात करून दाखवली.

मला तिनं दीड वर्षात तीनदा वाचलं. पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. मग एका खात्याची परीक्षा दिली, मुलाखत दिली. कोणतं खातं ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. घरी तिनं कसल्याशा कारकुनी परीक्षेचं नाव सांगितलं. निवडीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्याची खातरजमा अजून बाकी आहे, तोवर कुठं बोलू नये. ती नंतरही कुठं बोलणार नव्हती. पण तिला ती नोकरी किती हवी होती, हे मला ठाऊक आहे. पत्र माझ्या पान दोनशे बारामध्ये ठेवून ती दिवसातून दोनदा उघडून बघायची आणि लगेच मिटायची.

आता गंमत अशी झाली, की त्याच दिवसांत रामहरींच्या बहिणीनं, चंद्राबाईनं, इंदापूरकडचं एक स्थळ सुचवलं. आपल्याकडं मुलाकडचे आधी घरात येत नाहीत. एखादा तिऱ्हाईत माणूस पाठवून गावात बाहेरून चौकशी करतात : मुलगी कशी, घर कसं, कुणाशी भांडण-तंटा आहे का. चंद्राबाईनं फोनवर बजावलं, की असा माणूस कधीही येईल, त्याला ओळख देऊ नका, पण चहा पाजा. तेव्हापासून रामहरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून डेअरीत बसायला लागले.

रोहिणी वैद्यकीय तपासणीसाठी पुण्याला गेली आणि नेमका त्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून एक माणूस आला. पन्नाशीचा, साधा, खिशाला पेन. इंदापूरकडून आलोय म्हणाला, म्हशी घ्यायच्या आहेत. बसला तो भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून. मी ड्रॉवरमध्ये शहारलो. ही बसण्याची पद्धत माझ्या पान एकशे नव्वदवर आहे, आकृतीसकट. म्हशींवरून तो डेअरीवर आला, डेअरीवरून मशीनवर, आणि मशीनवरून मशीन चालवणाऱ्या मुलीवर. त्याचे प्रश्नही पाठ केल्यासारखे होते : मुलगी कशी, कुणात मिसळते, घर कसं, कुणाशी वैर. रामहरींचा चेहरा उजळला. सगळे प्रश्न चंद्राबाईनं सांगितलेलेच होते.

मग त्या बापानं लेकीचं जे कौतुक केलं, ते ऐकून माझ्या शिवणीतून घाम फुटायचा बाकी राहिला.

"आमची रोहिणी म्हंजी नितळ पाणी," रामहरी म्हणाले. "तिच्या मनात काय राहतच न्हाय. दिवसभरात जे झालं ते सांजच्याला आईला सांगितल्याबगर घास उतरत न्हाय तिला. लपवणं म्हंजी काय, ते तिला ठावं न्हाय."

नोकरीचं खूळ तिच्या डोक्यात नाही, असंही त्यांनी वर सांगितलं. परीक्षा दिली ती आपली मैत्रिणींबरोबर, उद्या सासरचे म्हणतील तसं. त्या माणसाचं पेन हळूहळू चालायचं थांबलं. सुनेसाठी हे बोलणं सोन्यासारखं होतं. पण खातरजमेला आलेल्या त्या माणसाच्या खात्यासाठी याच्याइतकं वाईट दुसरं काही नसेल. प्रेमाच्या माणसानं लेकीची दीड वर्षांची मेहनत दहा मिनिटांत मातीत घातली, आणि वर चहाही सांगितला.

कागदाखाली टेकायला काही हवं का, म्हणून रामहरींनीच ड्रॉवर ओढून मला त्याच्या मांडीवर दिलं. मुलगी काहीच लपवत नाही, असं पुन्हा एकदा सांगून ते टेम्पोत कॅन चढवायला बाहेर गेले आणि तिथून रिकामे कॅन आणायला घराकडं. त्या माणसानं माझं कव्हर वाचलं. मग सवयीनं एक पान उलटलं. आतल्या मजकुराकडं बघितलं, पुन्हा कव्हर वाचलं, पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. पत्र तिनं पुण्याला नेलं होतं, एवढं नशीब. त्यानं मला मिटलं आणि चहा संपवला, पण चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही.

तेवढ्यात आप्पासाहेब किटली घेऊन आले. बाकावर परका माणूस, खिशाला पेन, समोर रामहरीनं दिलेला चहा. स्थळाची चौकशी आहे हे त्यांनी तिथल्या तिथं ताडलं. सहा वर्षांचा राग त्यांना आठवला. शेजारी बसले आणि त्यानं विचारायच्या आधीच सुरू झाले.

"मी खरं ते सांगतो. लई आतल्या गाठीची पोरगी हाय ती," आप्पासाहेब म्हणाले. "सहा वर्षं झाली, मी तिच्या हातनं तिच्या बापाला निरोप देतोय. वाईटसाईट बोललो असंल. त्यातला एक बी तिनं पोचवला न्हाय, आन एक बी गावात फुटला न्हाय. पोटात गेलं ते गेलं. तुमच्या घरात आली तर तिच्या मनात काय हाय ते तुमाला जन्मात कळायचं न्हाय."

त्या माणसानं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. किती वर्षं म्हणालात, असं त्यानं विचारलं. सहा, आप्पासाहेब म्हणाले. त्यानं सगळं लिहून घेतलं, म्हशींची चौकशी पुन्हा कधीतरी करू म्हणाला आणि गेला. स्थळ मोडल्याच्या समाधानात आप्पासाहेबांनी त्या दिवशी फॅट किती लागली तेही विचारलं नाही.

रोहिणी परत आल्यावर रामहरींनी तिला हौसेनं सगळं सांगितलं. तो कोण होता, हे तिला दुसऱ्या वाक्यालाच समजलं. वडिलांनी काय काय सांगितलं ते तिनं शांतपणे ऐकलं, बरं झालं म्हणाली, आणि डेअरीत येऊन ड्रॉवर उघडून नुसती बसून राहिली. तिनं मला उघडलं नाही. मला जे माहीत होतं ते तिला सांगायला तोंड नव्हतं. ज्या ग्रंथात माहिती पोचवण्याच्या चौदा पद्धती दिल्या आहेत, त्याला एक वाक्य पोचवता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. इंदापूरकडचं स्थळ काही आलं नाही. आठवड्याभरातच चंद्राबाईचा फोन आला, की त्यांनी दुसरीकडं जमवलं. टेम्पोवाल्यानं रामहरींच्या कानावर घातलं, की तुमच्या पाव्हण्याशी आप्पा अर्धा तास बोलत बसले होते. एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी रामहरींनी आप्पासाहेबांची किटली उंबऱ्याबाहेर ठेवली. तेव्हापासून ते म्हातारं माणूस सायकलला कॅन अडकवून फलटण रस्त्याच्या डेअरीपर्यंत जाऊ लागलं. मुलीचं मोडलेलं स्थळ रामहरींनाही फार लागलं होतं. गावात कुणी विचारलं, की ते मान फिरवायचे.

आणि मग पत्र आलं. रुजू व्हा. रोहिणीनं ते चारदा वाचलं. कसं झालं, ते तिला कळेना. घरी तिनं दिल्लीला कारकुनाची नोकरी लागली म्हणून सांगितलं. सुयोग इंदापूरहून धावत आला आणि चौकात फ्लेक्स लावायला निघाला. कारकुनाचा फ्लेक्स लावला तर लोक हसतील, असं सांगून तिनं त्याला थांबवलं. हे कारण त्याला लगेच पटलं.

निघायच्या आदल्या सकाळी ती मशीन पुसत होती. रामहरी टेम्पोपाशी होते. आप्पासाहेब रिकाम्या हातानं आत आले.

"रोहिणी, तू जायच्या आधी सांगून टाकतो. तुझं स्थळ मी मोडलं," ते म्हणाले. "दोन महिने झाले, अन्न गोड लागंना. तुझं कायच चुकलेलं नव्हतं."

तुम्ही त्या माणसाला नक्की काय सांगितलंत, असं तिनं विचारलं. आप्पासाहेबांनी मान खाली घालून शब्द न् शब्द सांगितला. सहा वर्षांचे निरोप, पोटात गेलं ते गेलं, सगळं. ती ऐकत होती आणि मशीनवरचा तिचा हात थांबला होता. उघड्या ड्रॉवरमधून मला तिचा चेहरा दिसत होता. ती आता हसेल की रडेल, मला कळेना. तुम्ही माझं स्थळ मोडलं नाही, माझी नोकरी वाचवलीत, एवढं एक वाक्य बोलली असती तर त्या म्हाताऱ्याच्या छातीवरचा दगड उतरला असता. तिचे ओठ हलले. मग तिनं ते मिटले.

तेवढ्यात रामहरी आत आले. आप्पासाहेबांना बघून त्यांनी रिवाजाप्रमाणं मुलीलाच विचारलं, हा इथं कशाला आला. आणि रोहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा निरोप सरळ दिला, फक्त तो खोटा होता.

"आबा, त्या स्थळात आप्पांचा काय हात न्हाय. मुलाला मीच कळवलं, मला करायचं न्हाय म्हणून."

मोडलेल्या स्थळाला फोन करून कारण विचारायची आपल्याकडं रीत नाही, हे तिनं बरोबर हेरलं होतं. रामहरींनी हातातला कॅन खाली ठेवला.

"दोन महिने मी गावात खाली मान घालून फिरलो," ते म्हणाले. "आन तू हितं बसून बघत व्हतीस?"

"व्हय," रोहिणी म्हणाली.

रामहरी बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी बारामती स्टँडवर तिला सोडायला आई आणि सुयोग गेले, रामहरी गेले नाहीत. जाण्यापूर्वी तिनं मला पिशवीत भरलं आणि पुन्हा काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. कारकुनाच्या सामानात मी शोभलो नसतो. तिनं माझ्या कव्हरवरून एकदा हात फिरवला. तेव्हा मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

नाकारायला कारण उरलं नाही, म्हणून आप्पासाहेबांचं दूध पुन्हा इथं येऊ लागलं. मशीन आता रामहरी स्वतःच उभ्यानं चालवतात. आठ दिवस दोघं गप्प होते, कारण मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं. नवव्या दिवशी किटली ओतता ओतता रामहरी रोहिणीच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाले, "आप्पा, माझी पोर हाय, पण तिच्या पोटातलं मला कधी कळलं न्हाय."

"मी त्या माणसाला तेच सांगितलं व्हतं," आप्पासाहेब म्हणाले. "तू काय सांगितलं व्हतंस?"

"उलटं."

"मग तू चुकला व्हतास."

रामहरींनी ते मान्य केलं आणि दोन चहा सांगितले. सहा वर्षांनी दोन्ही बाजूंची थेट बोलणी सुरू झाली, तीही ज्या मुलीनं ती घडवून आणली तिच्याविषयीच्याच तक्रारीवरून. आता रोज सकाळी दोघं बाकावर शेजारी बसतात आणि रोहिणी किती आतल्या गाठीची आहे यावर त्यांचं एकमत होतं. पाळीचं पाणीही ते आपसात ठरवून घेतात. ती दर रविवारी आईला फोन करते. गेल्या रविवारी रामहरींनी पहिल्यांदा फोन हातात घेतला, जेवलीस का एवढंच विचारलं, आणि परत दिला.

मी आता म्हातारा झालोय. कव्हर फाटत आलं आहे, कडांना दुधाचे डाग पडले आहेत, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी खरोखरच गाईच्या कासेसाठी मला उघडेल अशी भीती वाटते. पण माझी विनंती स्वतःसाठी नाही. त्या मुलीनं आपल्या बापाचा राग अंगावर घेऊन दोन घरं जोडली, आणि याची नोंद तिच्या खात्यात नाही, गावात नाही, घरात तर नाहीच. ती कधी कुणाला सांगणार नाही. मी तुम्हाला सांगितलं, म्हणजे चारशे बारा पानं अंगावर असूनही मी त्या नोकरीच्या लायकीचा नाही हे सिद्ध झालं. तेव्हा एवढंच करा : तिला एकदा शाबास म्हणा, पण मनातल्या मनात. आणि सांगवीवरून कधी गेलात, तर डेअरीत चहा घ्या आणि फक्त म्हशींबद्दल बोला.